वेळापत्रकाने वाचलेला इतिहास
(बायबलमधील ऐतिहासिक पुस्तकांच्या क्रमवार वाचनासंबंधी)

पोथी कोणत्याही धर्माची असो, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचणारा माणूस विरळाच. आपण आवडीचे तेवढे वाचतो. महाभारतातील द्यूतप्रसंग सर्वांना ठाऊक असतो, पण शांतिपर्व किती जणांनी वाचलेले असते? ख्रिस्ती घरांतही हेच घडते. दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट लहान मूलसुद्धा सांगते. परंतु त्याच दावीदाच्या राज्यात तीन वर्षे दुष्काळ का पडला, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघा विद्यार्थ्यांनी बायबलमधील ऐतिहासिक पुस्तके वेळापत्रक आखून वाचली. मी चंद्रपूरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. दुसरा मित्र वैनगंगेपलीकडचा, गोंड कुटुंबातला आणि इतिहासाचा विद्यार्थी. तिसरी आमची वर्गभगिनी, मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. दोघेही ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे हे वाचन भक्तीसाठी कमी आणि अभ्यासासाठी अधिक झाले. अशा वाचनाची रीत काय, त्याचा लाभ कोणता आणि त्यात अडचण कोठे येते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

ही पुस्तके कोणती?

प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलात जुन्या करारातील बारा पुस्तकांना ऐतिहासिक पुस्तके म्हणतात. यहोशवा, शास्ते, रूथ, शमुवेलाची दोन, राजांची दोन, इतिहासाची दोन, एज्रा, नहेम्या आणि एस्तेर, अशी ती बारा होत. त्यांचे एकूण अध्याय २४९. कॅथलिक बायबलात यांखेरीज तोबित, यहुदिथ आणि मक्काबींची दोन पुस्तके धरतात. त्यांचे ६१ अध्याय अधिक होतात. यहुदी लोकांची मांडणी निराळी आहे. यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही पुस्तके ते संदेष्ट्यांच्या ग्रंथांत घालतात आणि इतिहासाची पुस्तके पार शेवटी ठेवतात. एकच मजकूर कोणी इतिहास मानतो, कोणी प्रवचन मानतो, एवढे यावरून ध्यानात येते.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. इस्राएलाचे बारा वंश कनान देशात शिरतात. प्रथम त्यांना राजा नसतो. संकट आले की एखादा शास्ता पुढे होतो. पुढे शौल, दावीद व शलमोन हे राजे होतात. शलमोनानंतर राज्य दुभंगते. उत्तरेकडील राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोक बुडवितात. दक्षिणेकडील यहूदाचे राज्य इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या हाती जाते. नंतर इराणच्या कोरेश राजाच्या आज्ञेने काही लोक परत येतात आणि मोडलेले यरुशलेम पुन्हा उभे करू लागतात. मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने १९४३ मध्ये असा विचार मांडला की, यहोशवापासून राजांपर्यंतचा भाग हा एकाच दृष्टीने रचलेला एक सलग इतिहास आहे. आपण गमावलेल्या भूमीला का मुकलो, या प्रश्नाचे उत्तर तो शोधतो. हे मत सर्वांना जसेच्या तसे मान्य नाही, पण वाचताना ते फार उपयोगी पडते.

आपल्या भागातील बायबल

मराठी बायबलाचा आरंभ बंगालमधील श्रीरामपूरला झाला. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार मराठीत छापला. त्यांना मराठीसाठी साहाय्य होते वैजनाथ पंडितांचे. त्याच छापखान्यातून १८१५-१६ च्या सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळही मराठीत निघाली. धर्मग्रंथ आणि आपल्या मुलखाच्या राजांची वंशावळ एकाच यंत्रावर छापली जावी, हा योग मोठा मौजेचा आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

चांद्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. येथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि उत्तर भारतातील अनेक पंथांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत १९७७ पासून असून त्याचे कॅथीड्रल बल्लारपूरला आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, तरी या मंडळ्यांच्या बोलण्यात ‘चांदा’ हे जुने नाव अजून टिकून आहे.

वेळापत्रकाची परंपरा

रोज ठरावीक भाग वाचणे आपणा मराठी माणसांना नवे नाही. गुरुचरित्राचा सप्ताह असतो, ज्ञानेश्वरीचे पारायण असते, चातुर्मासात पोथी लागते. कोणत्या दिवशी किती अध्याय, हे ठरलेले असते.

बायबलापुरते पाहिले तर या रीतीचे मूळ ऐतिहासिक पुस्तकांतच सापडते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात सर्व स्त्रीपुरुष चौकात जमतात, एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोक त्याचा अर्थ समजावून देतात. पुढे डहाळ्यांच्या मांडवांच्या सणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रोज वाचन होते. एस्तेरचे पुस्तक तर यहुदी लोक पुरीमच्या सणाला दरवर्षी संपूर्ण वाचतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजानेही हा सण पाळला आहे.

आधुनिक काळात रॉबर्ट मरे मचेन या स्कॉटिश धर्मगुरूने १८४२ मध्ये आपल्या डंडी येथील मंडळीसाठी केलेले वेळापत्रक फार प्रसिद्ध आहे. रोज चार ठिकाणचे चार अध्याय वाचले की वर्षात जुना करार एकदा व नवा करार आणि स्तोत्रे दोनदा पुरी होतात. आम्हाला मात्र एकच कथा सलग हवी होती, म्हणून आम्ही आमचे निराळे कोष्टक केले.

आमचे वेळापत्रक

रोज तीन अध्याय धरले तर २४९ अध्यायांना नेमके ८३ दिवस लागतात. आमच्याकडे डिसेंबरात धानाची कापणी-मळणी उरकत येते आणि मार्चात मोहफुले पडू लागली की गडचिरोलीकडचे विद्यार्थी घरच्यांच्या मदतीला जातात. मधला काळ वाचनाला बरा. म्हणून १ डिसेंबरला आरंभ केला.

१ ते ८ डिसेंबर – यहोशवा.
९ ते १५ डिसेंबर – शास्ते.
१६ डिसेंबर ते ४ जानेवारी – रूथ व शमुवेल (शेवटच्या दिवशी राजांचा पहिला अध्याय).
५ ते २० जानेवारी – राजे (शेवटच्या दिवशी इतिहासाचे पहिले दोन अध्याय).
२१ जानेवारी ते १० फेब्रुवारी – इतिहास.
११ ते २१ फेब्रुवारी – एज्रा, नहेम्या, एस्तेर.

कॅथलिक विद्यार्थ्यांनी उरलेल्या चार पुस्तकांसाठी आणखी २१ दिवस धरावेत. नियम दोनच केले. एक, नावांच्या याद्या असल्या तरी अध्याय गाळायचा नाही. दुसरा, शंका आली तर ती वहीत तारीख घालून लिहायची, पण वाचन थांबवायचे नाही. हा दुसरा नियम किती मोलाचा आहे हे पुढे कळले.

कारण आणि परिणाम

क्रमाने वाचण्याचा पहिला लाभ म्हणजे घटनांचा कार्यकारणभाव दिसतो. शलमोनाच्या मंदिराचे वैभव सर्वांना माहीत असते. पण ६ जानेवारीच्या वाचनात, पहिल्या राजांच्या पाचव्या अध्यायात, त्या मंदिराचे लाकूड कसे आले ते येते. लबानोनातील गंधसरू तोडण्यासाठी ३०,००० माणसे वेठीला धरली. दर महिन्याला दहा हजारांची पाळी. शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि ८०,००० दगड फोडणारे. आलापल्लीच्या सागाचे ओंडके ज्यांनी जंगलातून निघताना पाहिले आहेत, त्यांना हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत. दोनच दिवसांनी, ८ जानेवारीला, बारावा अध्याय येतो. शलमोनाचा मुलगा रहबाम याच्याकडे लोक ओझे हलके करण्याची मागणी करतात. तो उर्मटपणे नाकारतो. वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोक दगडांनी ठार करतात आणि राज्याचे दोन तुकडे होतात. ज्याने केवळ आठव्या अध्यायातील मंदिराचा अर्पणसोहळा वाचला, त्याला हे दुभंगणे आकाशातून पडल्यासारखे वाटेल.

दोन बखरी

दुसरा लाभ आमच्या वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने दाखविला. राजांची पुस्तके संपली की इतिहासाच्या पुस्तकांत बरीचशी तीच कथा पुन्हा येते. सर्वसाधारण वाचक येथे कंटाळून थांबतो. तिने मात्र दोन बखरी शेजारी ठेवाव्यात तसे हे वाचले. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, चिटणीसांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. शिवाजी महाराज एकच, पण सांगणाऱ्यांचा काळ व हेतू वेगळा. येथेही तसेच आहे. दावीदाने उरीयाच्या बायकोचे हरण केले आणि त्याला रणात मरू दिले, हा प्रसंग शमुवेलात सविस्तर आहे. इतिहासकार तो गाळतो. मनश्शे राजा राजांच्या पुस्तकात अखेरपर्यंत दुष्ट आहे. इतिहासाच्या पुस्तकात तो कैदेत पश्चात्ताप करतो. दावीदाने केलेल्या शिरगणतीची प्रेरणा शमुवेलात परमेश्वराची म्हटली आहे, तर इतिहासात सैतानाची. ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांना हा विरोध दिसला नसेल असे नाही. तरी त्यांनी दोन्ही साक्षी ठेवल्या.

विशेष म्हणजे राजांचा लेखक अधिक माहितीसाठी राजांच्या दप्तरातील इतिहासग्रंथांकडे बोट दाखवितो. ते ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. चांद्याच्या गोंड राजांचेही असेच आहे. १७५१ मध्ये ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. इंग्रजी अमलात, १८६९ च्या सुमारास, मेजर लुसी स्मिथ यांच्या जमाबंदी अहवालात त्या राजांची हकीकत नोंदली गेली. तत्पूर्वीचा आधार म्हणजे मुख्यत्वे तोंडी परंपरा. गोंडांचे परधान वंशकथा गाऊन सांगत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळविलेले लिंगोचे गोंडी गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. लिहून ठेवणाराच पुढे ऐकला जातो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

‘यात आमी कोण?’

आता अडचणीकडे वळू. ती तिसऱ्याच दिवशी आली. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो पडते आणि आतील माणसे मारली जातात. मग आय नगराचेही तेच होते. माझ्या गोंड मित्राने पुस्तक मिटले आणि विचारले, “हे सारं ठीक हाय, पण यात आमी कोण? बाहेरून आलेले, का आधीचे?”

मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या मुलखात १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली, त्या मुलखातील मुलाला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. आमच्या मंडळीतील एका काकांना विचारले, तर ते म्हणाले, “बाळा, तेवढा भाग सोडून पुढे जा.” उत्खननशास्त्राचा आधार घ्यावा असेही वाटले. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोचे उत्खनन केले. यहोशवाचा म्हणून सामान्यतः जो काळ धरतात, त्या काळची पडलेली तटबंदी त्यांना आढळली नाही. परंतु घटना तशी घडली नसेल असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ती तशी सांगितली तर गेलीच आहे. आम्ही वहीत ३ डिसेंबर ही तारीख घालून प्रश्न लिहिला आणि नियमाप्रमाणे पुढे गेलो.

त्याच दिवशीच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोक आहेत. ते त्या देशातले आधीचे रहिवासी. जुनी पादत्राणे व बुरसलेल्या भाकरी दाखवून, आपण दूरचे आहोत असे भासवून ते यहोशवाकडून जिवाची शपथ घेतात. फसवणूक उघडकीस येते, पण शपथ मोडत नाहीत. लाकडे तोडण्याचे व पाणी भरण्याचे काम मात्र त्यांच्या माथी मारले जाते. मित्र हसून म्हणाला, “हे कामबी वळखीचं हाय.”

बरोबर एक महिन्याने, ३ जानेवारीला, दुसऱ्या शमुवेलाचा एकविसावा अध्याय आला. लेखाच्या आरंभी म्हटलेला दुष्काळ तो हाच. दावीद कारण विचारतो तेव्हा कळते की, शौल राजाने त्या गिबोनी लोकांची कत्तल केली होती. पिढ्यान्‌पिढ्या जुनी, फसवून घेतलेली, दुबळ्या लोकांना दिलेली शपथ. पण ती राजाने मोडली म्हणून साऱ्या देशाला दुष्काळ भोगावा लागला, असे हा ग्रंथ म्हणतो. दावीद गिबोन्यांनाच भरपाई विचारतो. ते सोनेरुपे नाकारतात. शौलाचे सात वंशज फाशी दिले जातात आणि त्यांतील दोघांची आई रिस्पा कापणीपासून पावसापर्यंत त्या प्रेतांजवळ बसून पक्षी व श्वापदे हाकीत राहते. हा न्याय आम्हा तिघांनाही पटला नाही. “बापाच्या गुन्ह्याला पोरं कायले?” हा नवा प्रश्न त्या तारखेला वहीत लिहिला गेला. पण पहिल्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळाले: आधीच्या लोकांची बाजूही याच ग्रंथात नोंदलेली आहे आणि ती राजाविरुद्ध नोंदलेली आहे. काकांच्या सल्ल्याप्रमाणे नववा अध्याय सोडला असता, तर एकविसाव्याचा अर्थच लागला नसता.

पुढे ११ जानेवारीला नाबोथ आला. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, एवढेच तो अहाब राजाला सांगतो. खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारतात आणि मळा राजाकडे जातो. एलीया संदेष्टा मात्र राजाच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगतो. २० जानेवारीला दुसऱ्या राजांचा शेवटचा अध्याय वाचला. यरीहो घेणाऱ्यांचेच वंशज आता बेड्यांत बाबेलला चालले होते. केवळ यहोशवा वाचणाऱ्याच्या हाती विजयाची पोथी लागते. पंचवीस दिवस नव्हे, पन्नास दिवस वाचले तर तीच पोथी विजेत्याची झडती घेते.

याद्यांचे मोल

शेवटी याद्यांविषयी. यहोशवाच्या तेराव्या अध्यायापासून डोंगर, झरे, ओढे, दगड यांच्या खुणांनी वंशांच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत. वाचायला रुक्ष खऱ्या. पण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना गावाला आपल्या पारंपरिक सीमा दाखवाव्या लागतात. असा दावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ओढ्याचे नाव म्हणजे काय ते ठाऊक असते. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात धान्यासाठी शेते गहाण पडलेली माणसे ओरड करतात आणि नहेम्या सावकारांना जमिनी परत करायला लावतो. आपल्याकडे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ मध्ये करावा लागला, याची येथे आठवण होते.

आणि ११ फेब्रुवारीला एज्राचा दुसरा अध्याय आला. बाबेलहून परतणाऱ्यांची ती लांबलचक यादी. तिच्यात ६५२ माणसे अशी आहेत की ज्यांना आपले घराणे इस्राएलातले आहे हे सिद्ध करता आले नाही. (पाच दिवसांनी नहेम्यात तीच यादी पुन्हा येते, तेथे आकडा ६४२ आहे.) काही याजकांनी वंशावळीच्या वह्यांत नावे शोधली, ती सापडली नाहीत, निर्णय होईपर्यंत त्यांना याजकपणातून बाजूला ठेवले. आमचा मित्र बराच वेळ बोलला नाही. त्याचे जात पडताळणीचे प्रकरण अडकलेले होते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि त्याचे आजोबा शाळेत गेलेले नव्हते. त्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाला, “पुरावा नाही, तरी मोजले तर खरे.” जी यादी मी दरवेळी पाने उलटून ओलांडीत होतो, ती त्याच्यासाठी सगळ्या पुस्तकातील सर्वांत जिवंत जागा ठरली.

समारोप

वेळापत्रक हे यांत्रिक साधन आहे, असा आक्षेप घेतात. तो खोटा नाही. दोनदा आम्ही नुसती पाने उरकली आणि परीक्षेमुळे तीन दिवस मागे पडलो. ते रविवारी भरून काढले. पण आवड ही आपल्याला आधीच माहीत असलेल्या जागीच नेते. नको असलेल्या पानावर थांबविणारे आणि तेथून पुढे नेणारे असे काही बाहेरचे लागते. प्रश्न एका पानावर असतो व त्याचे उत्तर, मिळालेच तर, महिन्याभराने येते. तेवढा काळ तो प्रश्न जवळ बाळगणे हाच खरा अभ्यास होय.

हीच पद्धत महाभारताला, बखरींना किंवा एखाद्या जुन्या गॅझेटियरलाही लावता येईल. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तीन-चारांचे गट करून ती लावून पाहावी. गटात एक तरी माणूस असा असावा, की ज्याला तो ग्रंथ आपला वाटत नाही. आमच्या गटात तसे दोघे होते, म्हणूनच माझ्या घरचा ग्रंथ मला प्रथम नीट वाचता आला.